हर्षद मेहताने पैसा आणला कुठून?

प्रश्न : ‘स्कॅम १९९२’ ही मालिका मी पाहिली आणि मित्रांच्या आग्रहावरून पुन्हा पाहिली. हर्षद मेहता दोन्ही वेळा आवडला आणि एक गोष्ट दोन्ही वेळा डोक्यावरून गेली. तो शेअर विकत घेत होता, भाव वाढत होते, घेणारे खुशीत होते. मग त्याने चोरलं काय आणि कुणाचं? बीआर, आरएफ, एसजीएल ही अक्षरं पात्रं इतक्या झटक्यात बोलून जातात की काही हाती लागत नाही. साध्या भाषेत सांगाल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या मालिकेवर ज्यांनी ज्यांनी पत्रं पाठवली, त्यांच्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न तुमचा आहे, म्हणून त्याला जागाही सर्वांत जास्त देतो. ज्याला आपण शेअर घोटाळा म्हणतो तो मुळात बँकांमधला घोटाळा होता. शेअर बाजारात पैसा गेला. तो निघाला बँकांच्या तिजोरीतून.

त्या वेळच्या बँकांची अडचण आधी समजून घ्या. ठेवींच्या ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोख्यांत आणि तत्सम मालमत्तेत गुंतवलीच पाहिजे, असं बंधन १९९०-९२ च्या सुमारास होतं. शिवाय रोख राखीव म्हणून रिझर्व्ह बँकेकडे १५ टक्के ठेवायचे. कर्ज द्यायला उरायचं ते या दोन्हींनंतर. नोंद दाखवायच्या दिवशी एखाद्या बँकेकडे रोखे कमी भरायचे, दुसरीकडे रोखे भरपूर पण रोकड नाही. मग एक बँक दुसरीला रोखे विकायची आणि दहा-पंधरा दिवसांनी थोड्या चढ्या भावाने परत घ्यायचं कबूल करायची. नावाला खरेदी-विक्री, प्रत्यक्षात पंधरा दिवसांचं कर्ज. यालाच रेडी फॉरवर्ड म्हणजे आरएफ म्हणतात. मालिकेतलं पहिलं कोडं इथे सुटतं.

आता रोखे एका बँकेकडून दुसरीकडे जायचे कसे? रोख्यांचा कागद कुणी कुणाला नेऊन देत नसे. रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात प्रत्येक बँकेचं खातं होतं, त्यात नोंद फिरायची. त्या खातेवहीचं नाव एसजीएल. ती हाताने लिहिली जायची, नोंद व्हायला दिवस लागायचे, आणि खात्यात तेवढे रोखेच नसले तर अर्ज परत यायचा. एवढा वेळ कुणाला होता? म्हणून बँकांनी आपसांत एक पळवाट रूढ केली. विकणाऱ्या बँकेने एक पावती द्यायची : अमुक रोख्यांचे पैसे मिळाले, रोखे आमच्याकडे तुमच्या वतीने आहेत, यथावकाश देऊ. ही पावती म्हणजे बँक रिसीट, बीआर.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकली असतील. हळद जमिनीखालच्या पेवात, आणि बाजारात फिरतो तो तिच्या मालकीचा कागद. कागदावर चार व्यवहार होतात, पेव कुणी उघडत नाही. पेवात हळद आहे तोवर याच्यात काही वावगं नाही. पण पेव रिकामं असताना कुणी पावती फाडली तर? किंवा एकाच हळदीच्या दोन पावत्या काढल्या तर? पेव उघडेपर्यंत कुणालाही कळणार नाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये पेव उघडलं गेलं.

यात हर्षदसारखा दलाल शिरला तो जोडणी करणारा म्हणून. कुठल्या बँकेला पैसा हवा, कुठल्या बँकेला रोखे, हे दलालाला ठाऊक. नियमाने त्याने दोघांची गाठ घालून द्यायची, आपली दलाली घ्यायची आणि बाजूला व्हायचं. पैसा बँकेकडून बँकेकडे, रोखे बँकेकडून बँकेकडे. प्रत्यक्षात समोरची बँक कोण हेही कित्येकदा दुसऱ्या बँकेला माहीत नसे. तिच्या लेखी दलाल हाच समोरचा पक्ष झाला होता.

आणि आता तो धनादेश पाहा, कारण सगळं रहस्य त्यात आहे. एक बँक रोखे घेते आणि धनादेश लिहिते. पैसे कुणाला द्यायचे, त्या जागी नाव असतं दुसऱ्या बँकेचं. धनादेश रेखांकित, रक्कम कोट्यवधींची, सगळं नियमाला धरून. मात्र तो त्या बँकेत पोचतो दलालाच्या माणसाच्या हातून. धनादेश बँकेच्या नावाचा आहे, पण ही रक्कम आमच्या खात्यात जमा करा, असं तो माणूस सांगतो. बँक करते. कारण तो मोठा ग्राहक, कारण असंच चालत आलेलं, कारण वरच्या साहेबांची त्याला हरकत नाही. एका बँकेने दुसऱ्या बँकेला दिलेला पैसा एका माणसाच्या खात्यात पडला. स्टेट बँकेच्या मुंबईतल्या मुख्य शाखेत हर्षदचं खातं होतं. नॅशनल हाउसिंग बँकेने एएनझेड ग्रिंडलेजच्या नावाने काढलेले धनादेशही असेच त्याच्या खात्यात जमा झाले.

पंधरा दिवसांनी हा पैसा परत द्यायचा असतो. तोपर्यंत त्याने तो शेअरमध्ये घातलेला. मुदत आली की दुसऱ्या बँकेशी तसाच व्यवहार करून पहिलीचं देणं फेडायचं. भाव चढे राहिले तोवर चाक फिरत राहिलं. नॅशनल हाउसिंग बँक ही घरबांधणीच्या कर्जासाठी स्थापन झालेली संस्था होती, हे ध्यानात ठेवा. तिचा पैसा घरांच्या बांधकामात नव्हे, सिमेंट कंपनीच्या शेअरच्या भावात गेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर असं : त्याने बँकांच्या ठेवीदारांचा पैसा, त्यांना न विचारता, तारण न ठेवता, स्वतःच्या सट्ट्यासाठी वापरला. भाव वाढल्याने घेणारे खुश होते हे खरंच आहे. ज्यांच्या पैशावर भाव वाढले त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

प्रश्न : मालिकेत बँक ऑफ कराडचा उल्लेख ऐकून आमच्या घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आजोबांचं खातं त्या बँकेत होतं. आमच्या गावच्या बँकेचा दलाल स्ट्रीटशी काय संबंध? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुमच्या घरातल्यांना धक्का बसला ते स्वाभाविक आहे. ही बँक १९४६ साली स्थापन झालेली, कृष्णा-कोयनेच्या काठची. ठेवीदार त्या भागातले शेतकरी, दुकानदार, पगारदार. बँक लहान होती, तरी तिच्या मुंबईतल्या व्यवहारांतून काही शे कोटींच्या बँक रिसीटी बाहेर पडल्या, आणि त्यांच्यामागे रोखे नव्हते. मुंबईतल्या मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेचंही तसंच.

लहान बँकच का, असं तुम्ही विचाराल. मोठ्या बँकेची पावती खोटी काढायची तर तिथल्या बऱ्याच माणसांचे डोळे चुकवावे लागतात. लहान बँकेत दोन-चार जण हाताशी धरले की काम भागतं. आणि घेणारी परदेशी बँक पावतीवर बँकेचं नाव आणि सही पाहते. या बँकेची ऐपत तरी एवढी आहे का, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. सर्वांत मोठा फटका बसलेल्यांत स्टँडर्ड चार्टर्ड होती. जगभर पसरलेल्या बँकेने कराडच्या बँकेची कोट्यवधींची पावती बिनतक्रार घेतली, यातलं अजब तिथल्या एकाही अधिकाऱ्याला जाणवू नये, याचा मला आजही राग येतो. परताव्याचे आकडे चांगले दिसत होते ना!

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. कराडच्या बँकेच्या पोकळ पावत्या मुख्यत्वे दुसऱ्या दलालांच्या कामी आल्या, हर्षदच्या नव्हे. मालिका एका माणसाची असल्यामुळे सगळं त्याच्याच नावावर जमा होतं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने बँकांच्या व्यवहारांत जी तूट दाखवली ती सुमारे ४,०२४ कोटी रुपयांची होती, आणि ती बऱ्याच दलालांची व बऱ्याच बँकांची मिळून होती.

बँक ऑफ कराड १९९२ मध्येच अवसायनात गेली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती आपल्यात घेतली. बँक बुडाली त्या वेळी ठेव विम्याचं संरक्षण फक्त ३०,००० रुपयांपर्यंत होतं. ते मे १९९३ मध्ये एक लाख झालं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. तुमच्या आजोबांच्या पासबुकातली जी काही रक्कम असेल, तिचं पुढे काय होणार हे त्या दोन वर्षांत त्यांना कुणीही खात्रीने सांगू शकत नव्हतं. मालिकेच्या दहा भागांत मला जर काही खटकलं असेल तर ते हे. मंत्री येतात, गव्हर्नर येतात, सीबीआय येते; कराडचा ठेवीदार एकदाही पडद्यावर येत नाही.

प्रश्न : मंदीवाल्यांची टोळी हर्षदच्या मागे लागते आणि तो त्यांना पुरून उरतो, हा भाग फार रंगतो. पण ‘बदला’ म्हणजे नेमकं काय? सूड तर नव्हे? (एक वाचक, अकोला)

उत्तर : सूड नव्हे. बदला म्हणजे सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलण्याची सोय आणि त्यासाठी मोजायचं व्याज. आज शेअर घेतले की दुसऱ्या दिवशी ते खात्यात दिसतात. त्या काळी सेटलमेंट साधारण पंधरवड्याची. पंधरवडा संपला आणि पैसे द्यायचे नसले तर बदला भरायचा आणि सौदा पुढे न्यायचा. तेजीवाला बदला भरतो, पैसा लावणारा सावकार तो घेतो. हा झाला सीधा बदला. पण मंदीवाल्यांनी हाती नसलेले शेअर विकून ठेवले असतील आणि बाजारात शेअरचीच टंचाई झाली, तर उलट मंदीवाल्याला भरणा करावा लागतो. तो उंधा बदला. तेव्हा मंदीवाल्याच्या घरी चूल पेटत नाही.

मंदीवाल्यांची सगळी मदार एका हिशेबावर असायची. समोरच्या तेजीवाल्याचा खिसा केवढा, किती बदले तो भरू शकेल, केव्हा त्याचा दम सुटेल. हर्षदच्या बाबतीत हा हिशेब फसला, कारण त्याच्या खिशाला तळ लागेना. लागणार कसा? तो खिसा त्याचा नव्हताच. मालिकेत ही झुंज बुद्धीची आणि छातीची म्हणून दिसते आणि ती पाहताना आपण त्याच्या बाजूने होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचून तो भाग पुन्हा पाहा.

भाव कसे चढले तेही सांगतो. सेन्सेक्स १५ जानेवारी १९९२ ला पहिल्यांदा २,००० च्या वर गेला. २९ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पाच्या दिवशी, ३,०००. मार्चअखेर ४,०००. अडीच महिन्यांत दुप्पट. एसीसीचा शेअर काही शे रुपयांवरून नऊ हजारांच्या घरात गेला. एवढा सिमेंट कारखाना आज नव्याने उभारायचा तर किती खर्च येईल, त्यावर शेअरची किंमत धरा, असा हर्षदचा युक्तिवाद होता. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. जुन्या कंपन्यांच्या जमिनी आणि यंत्रं वहीत कवडीमोल लिहिलेली असायची. पण कुठल्याच हिशेबाने नऊ हजार येत नव्हते.

प्रश्न : मालिकेत खरं किती आणि रचलेलं किती? आणि हर्षद झालेला नट मराठी मुलखाशी संबंधित आहे असं ऐकलं, ते खरं का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातच त्याचं शिक्षण झालं. प्रतीक गांधी मूळचा सुरतेचा, पण अभियांत्रिकीची पदवी त्याने जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून घेतली आणि मुंबईत गुजराती रंगभूमीवर नाव कमावण्याआधी सातारा-पुण्याकडे नोकरीही केली. रंगभूमीवर घोटवलेला आवाज आणि उभं राहण्याची ढब त्याला इथे कामी आली. हंसल मेहतांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका ९ ऑक्टोबर २०२० ला सोनी लिव्हवर आली. टाळेबंदीचे दिवस होते, चित्रपटगृहं बंद होती, आणि त्याच सुमारास लाखो तरुण पहिल्यांदा डीमॅट खातं उघडत होते. अचिंत ठक्करचं शीर्षकसंगीत घरोघरी मोबाइलवर वाजू लागलं.

मूळ आधार सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या १९९३ च्या पुस्तकाचा. घटनांचा सांगाडा बव्हंशी खरा आहे. पानेली मोटी या राजकोट जिल्ह्यातल्या गावी १९५४ ला जन्म, रायपूरला गेलेलं लहानपण, मुंबईत लाला लजपतराय कॉलेजातून बी. कॉम., न्यू इंडिया अॅशुरन्समध्ये नोकरी, मग दलाल स्ट्रीटवर जॉबर, मग स्वतःची ग्रोमोर ही कंपनी. वरळीच्या मधुली इमारतीतलं समुद्राकडे तोंड करून असलेलं प्रशस्त घर आणि लेक्सस गाडी हेही खरं. सुचेता दलाल तेव्हा टाइम्स ऑफ इंडियात होत्या आणि स्टेट बँकेने एका बड्या दलालाला पाचशे कोटींचा हिशेब पुरा करायला सांगितलंय, ही बातमी २३ एप्रिल १९९२ ला छापून आली. आदल्या दिवशी सेन्सेक्सने ४,४६७ चा उच्चांक गाठलेला. २८ एप्रिलला तो एका दिवसात ५७० अंकांनी पडला, जवळजवळ १३ टक्के. वर्षभरात तो साधारण निम्म्यावर आला.

पात्रांची गोष्ट थोडी वेगळी. सीबीआयचे माधवन, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर वेंकिटरमणन, मनोहर फेरवानी ही माणसं खऱ्या नावांनी येतात. सतीश कौशिकांनी वठवलेला मनू मुंद्रा हा मंदीवाल्यांचा म्होरक्या मात्र मनू माणेक या खऱ्या दलालावर बेतलेला मानला जातो. संवाद अर्थातच रचलेले. हर्षदच्या तोंडच्या जोखमीबद्दलच्या चटपटीत ओळी आज लग्नपत्रिकांपासून टी-शर्टांपर्यंत कुठेही दिसतात; त्या लेखकांच्या लेखणीतल्या आहेत.

के. के. रैनांनी केलेले फेरवानी मला फार लागले. युनिट ट्रस्टचे दहा वर्षं अध्यक्ष, मध्यमवर्गाला म्युच्युअल फंडाची ओळख करून देणारा माणूस. मुंबई शेअर बाजाराच्या मक्तेदारीला पर्याय म्हणून राष्ट्रीय शेअर बाजार काढा, ही शिफारस त्यांच्याच समितीची, १९९१ ची. पुढे ते नॅशनल हाउसिंग बँकेचे प्रमुख झाले आणि तिथल्या धनादेशांचं प्रकरण बाहेर आल्यावर मे १९९२ मध्ये पदावरून गेले. २१ मे ला त्यांचं निधन झालं. राष्ट्रीय शेअर बाजार १९९४ मध्ये सुरू झाला, तो पाहायला ते नव्हते. एका माणसाच्या आयुष्यात चांगलं काम आणि ही अखेर एकत्र यावी, यावर स्वतंत्र मालिका व्हायला हरकत नाही.

याच विषयावर सिनेमेही झालेत. समीर हंचाटे यांचा ‘गफला’ २००६ चा, अभिषेक बच्चनचा ‘द बिग बुल’ २०२१ चा. पहिला फारसा कुणी पाहिला नाही, पाहायला हवा होता. दुसऱ्यात घाई फार आहे.

प्रश्न : पंतप्रधानांना सुटकेसमधून एक कोटी दिल्याचं प्रकरण सिद्ध झालं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. जून १९९३ मध्ये मुंबईत वकील राम जेठमलानींसह पत्रकार परिषद घेऊन हर्षदने हा आरोप केला आणि एवढ्या नोटा सुटकेसमध्ये मावतात हे दाखवलं. नरसिंह राव यांनी साफ इन्कार केला. आरोप न्यायालयात कधी शाबीत झाला नाही. नोटा मावतात हे दाखवल्याने त्या दिल्या हे ठरत नाही.

प्रश्न : आज असं पुन्हा होऊ शकेल? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : याच मार्गाने, बहुधा नाही. सेबीला कायद्याने दात मिळाले ते १९९२ मध्येच. १९९५ पासून मुंबई शेअर बाजारातली आरडाओरड थांबून पडद्यावर सौदे होऊ लागले, १९९६ पासून शेअर डीमॅट होऊ लागले, बदल्याची प्रथा २००१ मध्ये कायमची गेली. सरकारी रोख्यांची नोंद आता संगणकावर तत्काळ होते आणि मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते. पोकळ पावती फिरवायला मधला तो काळच उरलेला नाही.

पण बँकेचा पैसा तिच्या ठेवीदारांच्या पाठीमागे दुसरीकडे वळवणं हे काही बीआरवर अवलंबून नव्हतं. २००१ मध्ये केतन पारेखने अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या पे-ऑर्डरींवर तोच खेळ केला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात मुंबई-ठाण्याचे हजारो ठेवीदार उभे होते, कारण सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. एका बांधकाम उद्योगाला दिलेली कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवलेली निघाली. तिथे शेअर नव्हते, तेजी नव्हती आणि कुणी हर्षदसारखा बिग बुलही नव्हता. तुम्ही पिंपरीचे आहात, आसपास नागरी बँका आणि पतसंस्था पुष्कळ. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही, एवढं आज घरात सांगून ठेवा.

प्रश्न : माझे बाबा हर्षद मेहताचे भक्त आहेत. ते म्हणतात, त्याने एकाही गरिबाचा रुपया घेतला नाही, मराठी-गुजराती मध्यमवर्गाला शेअर शिकवले, बडे लोक सुटले आणि याला बळी दिला. मालिका पाहिल्यापासून तर त्यांना जोरच चढलाय. त्यांना काय उत्तर देऊ? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बाबांचं म्हणणं एकदम झिडकारू नका, कारण त्यातला शेवटचा तुकडा बराच खरा आहे. परदेशी बँकांचे कित्येक अधिकारी राजीनामे देऊन मार्गी लागले. दलाल आणि बसू यांच्या पुस्तकाच्या नावातच कोण निसटलं हा सवाल आहे. राम निवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त संसदीय समितीने १९९३ च्या अखेरीस अहवाल दिला, त्यात बँका, रिझर्व्ह बँक, अर्थखातं अशा सगळ्यांवर ठपके होते. ठपक्यांनी कुणी तुरुंगात जात नाही. एक चेहरा सापडला की बाकीच्यांचं फावतं, हे तेव्हा घडलं.

पण बळी म्हणजे निरपराध, असं बाबांना सुचवायचं असेल तर ते मला मुळीच मान्य नाही. मारुती उद्योगाचे सुमारे ३९ कोटी रुपये यूको बँकेच्या हमाम स्ट्रीट शाखेमार्फत त्याच्याकडे वळवल्याच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी दिली. मारुती तेव्हा सरकारी भागीदारीची कंपनी होती, म्हणजे तो पैसाही तुमचा-माझाच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये ही शिक्षा बहुमताने योग्य ठरवली. तेव्हा तो हयात नव्हता. ३१ डिसेंबर २००१ ला, ठाण्याच्या तुरुंगात असताना, हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ४७. हे वय वाचताना मलाही वाईट वाटतं. तो अडाणी लुटारू नव्हता. पगारदार कारकुनाच्या जागेवरून केवळ हुशारीने वर आलेला माणूस होता आणि वाट सरळ ठेवली असती तरी श्रीमंत झाला असता.

शिवाय १९९२ नंतरचंही बाबांना सांगा, कारण मालिकेतल्या टाळ्यांनंतर तिकडे कुणाचं लक्ष राहत नाही. १९९८ मध्ये बीपीएल, व्हिडिओकॉन आणि स्टरलाइटचे भाव पुन्हा कृत्रिमरीत्या चढले. त्या प्रकरणात सेबीने त्याला शेअर बाजारातून जन्मभरासाठी बाद केलं. नोव्हेंबर २००१ ची शेवटची अटक होती ती सुमारे ९० कंपन्यांच्या २७ लाख गहाळ शेअरबद्दल. ज्याला पहिल्यांदा व्यवस्थेने फसवलं असं म्हणावं, त्याच्या बाबतीत दुसऱ्या खेपेचं कारण काय द्यायचं?

राहिला मुद्दा गरिबाच्या रुपयाचा. गरीब आणि मध्यमवर्गीय माणूस हर्षदच्या खात्यात थेट पैसे भरायला गेला नाही, हे कबूल. तो दोन वाटांनी सापडला. एक वाट बँकेची, ती वर सांगितली. दुसरी वाट तेजीच्या शेपटाला लागण्याची. फेब्रुवारी-मार्च १९९२ मध्ये फोर्टच्या पदपथांवर शेअरचे अर्ज विकले जात, लोकल डब्यात एसीसीच्या भावाची चर्चा, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत टीप. ज्यांनी उच्चांकाच्या आसपास घेतलं ते पुढची कित्येक वर्षं सर्टिफिकेटं कपाटात ठेवून बसले. युनिट ट्रस्टने ऐन त्याच तेजीत मास्टरगेन १९९२ ही योजना आणली आणि लोकांनी तिच्यात चार हजार कोटींहून जास्त रक्कम भरली. तेवढा मोठा पैसा बाजार चढलेला असतानाच आत गेला आणि त्या युनिटांची किंमत नंतर वर्षानुवर्षं मूळ दहा रुपयांच्या खाली राहिली. शेअर शिकवले म्हणतात ते हेच शिक्षण. त्यानंतर कित्येक मराठी घरांनी एक अख्खी पिढी शेअर हा शब्द घरात काढू दिला नाही, पैसे पोस्टात आणि मुदत ठेवीत ठेवले, आणि पुढच्या वीस वर्षांत बाजार जिथे गेला त्याचा वाटा त्यांना मिळाला नाही. माझ्या मते हर्षदच्या तेजीने मध्यमवर्गाचं सर्वांत मोठं नुकसान केलं ते हे, आणि ते कुठल्याच समितीच्या आकड्यात नाही.

बाबांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एवढंच विचारा, की १९९२ च्या त्या उन्हाळ्यात डोंबिवलीत त्यांच्या ओळखीतल्या कुणाकुणाकडे मास्टरगेनची सर्टिफिकेटं होती आणि त्यांनी ती पुढे केव्हा, काय भावाने मोडली. आलेलं उत्तर आम्हाला जरूर कळवा. इतरही वाचकांनी कळवावं, पुढच्या अंकात या विषयाला आणखी जागा देतो.